सहा देश, एकच प्रश्न: तौलनिक राजकारणाचा अभ्यास कसा करावा

एपी कम्पॅरेटिव्ह गव्हर्नमेंट अँड पॉलिटिक्स या अमेरिकेतल्या शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या महाविद्यालयीन पातळीच्या अभ्यासक्रमात सहा देश आहेत: ब्रिटन, रशिया, चीन, इराण, मेक्सिको आणि नायजेरिया. बहुतेक विद्यार्थी एकेक देश घेऊन बसतात. आधी ब्रिटन संपवतात, मग रशिया, मग चीन. नायजेरियापर्यंत पोचेस्तोवर ब्रिटन धूसर झालेलं असतं आणि हाती उरतात एकमेकांशी न बोलणाऱ्या सहा टिपणवह्या. मी हा विषय शिकवते आणि पहिल्याच तासाला सांगते: देशवार वाचू नका, प्रश्नवार वाचा. एक प्रश्न धरा आणि तो सहाही देशांना विचारा.

त्याआधी चार संज्ञा पक्क्या करा, कारण परीक्षेतले निम्मे गोंधळ इथेच होतात. राष्ट्र, राज्यसंस्था, राजवट, सरकार. व्याख्या घोकण्यापेक्षा घटना घ्या. २०२४ च्या जुलैत ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष गेला, मजूर पक्ष आला. सरकार बदललं, राजवट तीच राहिली. १९७९ मध्ये इराणमध्ये शहा गेले आणि इस्लामी प्रजासत्ताक आलं. तिथे सत्तेचे नियमच बदलले, म्हणजे राजवट बदलली. राज्यसंस्था मात्र टिकली: तोच भूप्रदेश, बरीचशी तीच नोकरशाही. राष्ट्रही, म्हणजे स्वतःला एक मानणारा लोकसमूह, तेच राहिलं. ही दोन उदाहरणं डोक्यात असली की व्याख्या आपोआप नीट लिहिली जाते.

आता प्रश्नाकडे. माझा आवडता प्रश्न असा: देशाच्या कार्यकारी प्रमुखाला, म्हणजे पंतप्रधानाला किंवा अध्यक्षाला, मुदतीआधी कोण घरी पाठवू शकतं? वहीचं पान आडवं धरा, सहा रकाने आखा, आणि प्रत्येक रकान्यात दोन ओळी लिहा. वर नियम, खाली प्रत्यक्षात काय घडलं.

ब्रिटनमध्ये कॉमन्स या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा साध्या बहुमताचा अविश्वास पुरतो. १९७९ मध्ये पंतप्रधान कॅलाहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मतानं पडलं. पण अलीकडे पंतप्रधानांना बहुधा त्यांचाच पक्ष खाली खेचतो; २०२२ मध्ये लिझ ट्रस यांची कारकीर्द ४९ दिवसांत आटोपली, अविश्वास ठरावाशिवाय. मेक्सिकोचा अध्यक्ष सहा वर्षांसाठी आणि एकदाच. तिथे २०२२ मध्ये अध्यक्षाला परत बोलवावं का यावर मतदान झालं. निकाल बंधनकारक व्हायला ४० टक्के मतदान हवं होतं, झालं १८ टक्क्यांहूनही कमी. नायजेरियात महाभियोगासाठी राष्ट्रीय विधिमंडळात दोन तृतीयांश मतं लागतात, आणि १९९९ पासून एकाही अध्यक्षाला या मार्गानं हटवलेलं नाही. रशियात ड्यूमानं, म्हणजे कनिष्ठ सभागृहानं, आरोप ठेवायचे, न्यायालयांनी मत द्यायचं आणि फेडरेशन कौन्सिल या वरिष्ठ सभागृहानं निर्णय घ्यायचा. १९९९ मध्ये अध्यक्ष येल्त्सिन यांच्याविरुद्धचा प्रयत्न ड्यूमातच कोसळला. इराणमध्ये मजलिसनं, म्हणजे संसदेनं, अध्यक्षाला अपात्र ठरवलं तरी काढण्याचा अंतिम शब्द सर्वोच्च नेत्याचा, म्हणजे अध्यक्षाच्याही वर असलेल्या धार्मिक नेत्याचा. १९८१ मध्ये अध्यक्ष बनीसद्र असेच गेले. चीनमध्ये कागदावर राष्ट्रीय लोककाँग्रेस, म्हणजे तिथली संसद, राष्ट्राध्यक्षाला हटवू शकते. पण खरी सत्ता कम्युनिस्ट पक्षाच्या सरचिटणीसपदात आहे, आणि त्या पदावरच्या कालावधीला घटनेनं कधी मर्यादा घातलेली नव्हती.

हे एक पान भरताना संसदीय आणि अध्यक्षीय पद्धत, सत्ताविभाजन, मुदतीची मर्यादा, पक्षाचं राज्यसंस्थेवरचं वर्चस्व, सगळं येऊन जातं. खालची ओळ वरच्या ओळीशी जुळत नाही तिथे लाल पेनानं खूण करा. चांगल्या उत्तराचा कच्चा माल त्या लाल खुणांपाशीच असतो.

दुसरं पान: मतपत्रिकेवर नाव यायचं की नाही हे कोण ठरवतं? इथे इराणला भरपूर वेळ द्या. गार्डियन कौन्सिलमध्ये १२ जण. सहा धर्मशास्त्रज्ञ सर्वोच्च नेता नेमतो; उरलेले सहा कायदेतज्ज्ञ न्यायसंस्थेचा प्रमुख सुचवतो आणि मजलिस निवडते. तो न्यायप्रमुखही सर्वोच्च नेत्यानंच नेमलेला. हे कौन्सिल अध्यक्षपदाचे उमेदवार पारखतं. २०२४ मध्ये नोंदणी केलेल्या ८० जणांतून सहा जण उरले. सर्वोच्च नेत्याला निवडणारी आणि हटवू शकणारी ८८ जणांची तज्ज्ञ सभा असते. तिचे उमेदवारही हेच कौन्सिल पारखतं. बाणांनी काढून पाहा. बाण फिरून सुरुवातीच्याच चौकटीत येतात आणि निवडणुका नियमित होऊनही सत्ता का हलत नाही ते दिसतं. मग शेजारच्या रकान्यात रशिया: २०२४ मध्ये पुतिन यांच्या विरोधात उभं राहू पाहणारे बोरिस नादेझदिन यांचा अध्यक्षपदासाठीचा अर्ज सह्यांमधल्या त्रुटी दाखवून फेटाळला गेला. यंत्रणा वेगळी, परिणाम बराचसा सारखा. असं वाक्य तुमच्या हातून आलं की तुलना जमू लागली समजा.

तिसरं पान अध्यक्ष कसा जिंकतो याचं. मेक्सिकोत एकच फेरी, ज्याला सर्वाधिक मतं तो अध्यक्ष. रशिया आणि इराणमध्ये निम्म्याहून जास्त मतं हवीत, नाहीतर दुसरी फेरी; इराणमध्ये २०२४ ला ती घ्यावी लागली. नायजेरियाचा नियम मला सर्वांत बोलका वाटतो: सर्वाधिक मतं तर हवीतच, शिवाय ३६ राज्यं आणि राजधानी क्षेत्र यांपैकी किमान दोन तृतीयांशांत २५ टक्के मतं हवीत. का? १९६७ ते १९७० या काळात, आग्नेयेकडचा बियाफ्रा भाग वेगळा होऊ पाहत असताना झालेल्या युद्धात, देश फुटता फुटता राहिला. उत्तरेत प्रामुख्यानं मुस्लिम, दक्षिणेत प्रामुख्यानं ख्रिस्ती, आणि शेकडो वांशिक गट. एकाच भागाच्या जोरावर कुणी अध्यक्ष होऊ नये यासाठी ही अट आहे. प्रत्येक नियमाला हा ‘का’ विचारा. इतिहास वेगळा वाचावा लागत नाही, तो नियमांच्या पोटातच सापडतो.

आता उत्तर लिहिण्याबद्दल. विद्यार्थ्यांच्या वहीत नेहमी दिसणारी दोन वाक्यं: ‘ब्रिटनमध्ये संसदीय पद्धत आहे. मेक्सिकोमध्ये अध्यक्षीय पद्धत आहे.’ दोन्ही खरी, पण यात तुलना नाही. आम्ही वर्गात ती अशी बदलतो: ‘ब्रिटिश पंतप्रधानाची सत्ता कॉमन्सच्या पाठिंब्यावर उभी असल्यामुळे तो पाठिंबा गेला की राजीनामा किंवा निवडणूक अटळ होते, याउलट मेक्सिकोच्या अध्यक्षाला मतदार थेट निवडतात, म्हणून १९९७ मध्ये पीआरआय या सत्ताधारी पक्षानं कनिष्ठ सभागृहातलं बहुमत गमावलं तरी त्याचे अध्यक्ष सेदियो २००० पर्यंत पदावर राहिले.’ ‘म्हणून’, ‘यामुळे’, ‘याउलट’ हे शब्द नसतील तर वाक्य पुन्हा लिहा.

आकड्यांच्या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही. तक्ता स्वतः करून पाहा. २०२४ ची ब्रिटिश निवडणूक घ्या: मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा; रिफॉर्म यूकेला सुमारे १४ टक्के मतं आणि पाच जागा; लिबरल डेमोक्रॅट्सना सुमारे १२ टक्के मतं आणि ७२ जागा. आधी आकडा सांगा, मग कल सांगा, मग त्यामागची संकल्पना: एकसदस्यीय मतदारसंघात, म्हणजे जिथून एकच जण निवडून येतो तिथे, मतं विखुरली की वाया जातात, एकवटली की जागा देतात. दोन रेषा एकत्र चढताना दिसल्या तर ‘सहसंबंध आहे’ एवढंच लिहा. एकीमुळे दुसरी चढली असं तक्ता सांगत नाही.

जुन्या टिपांपासून मात्र सावध राहा. ब्रिटनचा ठरावीक मुदतीच्या संसदेचा कायदा २०२२ मध्ये रद्द झाला. चीननं राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा २०१८ मध्ये काढली, २,९५८ विरुद्ध दोन मतांनी. रशियानं २०२० मध्ये घटना बदलून पुतिन यांचे आधीचे कार्यकाळ मोजणीतून वगळले. मेक्सिकोत जून २०२५ मध्ये मतदारांनी न्यायाधीश निवडले. मोठ्या भावंडांची वही उत्साहानं मिळते, पण आधी तिच्यातल्या तारखा तपासा.

परीक्षेत ६० मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, मग ९० मिनिटांत चार लेखी उत्तरं, दोन्ही भागांना निम्मे-निम्मे गुण. लेखी भागातला युक्तिवादाचा निबंध सर्वाधिक वेळ मागतो. ४० मिनिटं त्यासाठी राखा. पहिल्याच वाक्यात बाजू घ्या आणि कारणही द्या. ‘दोन्ही बाजूंना तथ्य आहे’ यावर गुण मिळत नाहीत. किमान दोन नेमके पुरावे हवेत. ते तुमच्या सहा रकान्यांच्या पानांवर तयारच असतील. शेवटी विरोधी बाजू मांडून तिला उत्तर द्यायचं असतं, आणि मुलं इथे घाई करतात. समजा तुम्ही लिहिलंत की थेट निवडणुकीमुळे राजवटीला अधिमान्यता मिळते, म्हणजे तिचा सत्तेवरचा हक्क लोक मानतात. विरोधक म्हणेल, चीनमध्ये राष्ट्रीय पातळीवर थेट निवडणूक नाही, तरी आर्थिक वाढीच्या बळावर पक्षानं अधिमान्यता टिकवली. हे मोकळेपणानं मान्य करा, आणि मग दाखवा की वाढ मंदावली की ती अधिमान्यता धोक्यात येते, तर निवडणूक हरलेलं सरकार राजवटीला धक्का न लावता जाऊ शकतं. २०१५ मध्ये नायजेरियात गुडलक जोनाथन हरले आणि सत्ता बुहारींकडे सोपवून गेले, हा तुमचा पुरावा.