इंग्रजीतले ‘जोडणे’ आणि ‘उलगडणे’: नेमके क्रियापद कसे निवडावे

मराठीत आपण कपाट जोडतो, नळाला पाइप जोडतो, अर्जाला प्रमाणपत्र जोडतो आणि जमले तर माणसेही जोडतो. इंग्रजीत मात्र यातल्या जवळजवळ प्रत्येक कामाला निराळे क्रियापद लागते. त्यामुळे ‘जोडणे’ला इंग्रजीत काय म्हणतात, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. आधी वस्तूचे नेमके काय झाले हे पाहावे आणि मग शब्दाकडे वळावे.

छताच्या पंख्याचे उदाहरण घेऊ. खोक्यातून मोटर, दांडा आणि पाती सुटी निघतात. एकेक पाते मोटरला स्क्रूने घट्ट करणे म्हणजे ‘अटॅच’ करणे. सगळे भाग एकत्र येऊन पंखा तयार झाला, की तो ‘असेम्बल’ झाला. तो छताच्या हुकात अडकवून कायमचा जागेवर बसवला, की ‘इन्स्टॉल’ झाला आणि त्याच्या तारा विजेच्या तारांना जोडल्या, की ‘कनेक्ट’. या चारही कामांना मराठीत ‘जोडला’ किंवा ‘बसवला’ एवढ्यावर भागते. इथे ‘आय फिक्स्ड द फॅन’ असे लिहिण्याचा मोह होतो, पण ऐकणारा बहुधा पंखा बिघडला होता आणि तुम्ही तो दुरुस्त केला असे समजेल.

‘असेम्बल’ आणि ‘पुट टुगेदर’ यांचा अर्थ इथे एकच आहे, फरक आहे तो बाजाचा: पहिले माहितीपुस्तिकेत आणि कारखान्यात शोभते, दुसरे घरगुती बोलण्यात. ‘पुट’ची तिन्ही रूपे सारखीच असल्याने भूतकाळातही ‘वी पुट द टेबल टुगेदर’ असेच म्हणावे. ‘बिल्ड’मध्ये विटा, लाकूड अशा साहित्यातून नवे काही उभे करण्याचा भाव असतो, म्हणून भाग तयार असलेल्या टेबलाला ‘असेम्बल’ आणि फळ्या कापून केलेल्या टेबलाला ‘बिल्ड’ म्हणणे रास्त. अर्थात भाषा नियमाला फार काळ बांधून राहत नाही. तयार भाग आणून संगणक जुळवणारा माणूसही तो ‘बिल्ड’ केला असेच सांगतो. ‘सेट अप’ हे यंत्र वापरासाठी सज्ज करण्याला म्हणतात. त्यात भाग जोडणे येईलच असे नाही: नवा प्रिंटर खोक्यातून अखंडच निघतो, तरी तो ‘सेट अप’ करावा लागतो.

आता उत्तर शोधण्याकडे वळू, कारण खरी गफलत इथे होते. उत्तर कुठून मिळाले, यावर क्रियापद ठरते. कोणाला विचारून, वाचून किंवा चौकशी करून कळले, तर ‘फाइंड आउट’. स्वतः डोके चालवून उमगले, तर ‘फिगर आउट’ किंवा ‘वर्क आउट’. गाडी किती वाजता सुटते हे आपण ‘फाइंड आउट’ करतो, पण ती चुकू नये म्हणून घरातून किती वाजता निघावे हे ‘वर्क आउट’ करतो. अमेरिकी बोलण्यात ‘फिगर आउट’ अधिक ऐकू येते, तर ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘वर्क आउट’, विशेषतः हिशेबाच्या बाबतीत. हरवलेली किल्ली मात्र ‘फाइंड आउट’ होत नाही. मराठीत ती ‘शोधून काढली’ म्हणून इंग्रजीत ‘आउट’ जोडायचा नाही, नुसते ‘फाउंड’ पुरे.

‘सॉल्व्ह’चे मूळ लॅटिनमधल्या ‘सैल करणे, मोकळे करणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे आणि मराठी माणसाला ते शिकवावे लागू नये, कारण आपणही गाठ सोडवतो तसेच कोडे सोडवतो. सोडवायची असते ती गाठ. म्हणूनच ‘सॉल्व्ह द प्रॉब्लेम’ बरोबर, पण ‘सॉल्व्ह द आन्सर’ चूक. उत्तर ‘वर्क आउट’ करायचे किंवा ‘फाइंड’ करायचे. आपणही गणित सोडवतो आणि उत्तर काढतो. निव्वळ आकडेमोडीला ‘कॅल्क्युलेट’ आहे. जाता जाता, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला लहान खडा आहे, कारण मोजणी खड्यांनी होत असे. ‘मेक आउट’चा उपयोग मर्यादित: पुसट अक्षर किंवा अस्पष्ट आवाज कष्टाने ओळखणे. अनौपचारिक अमेरिकी बोलीत त्याचा अर्थ प्रणयाकडे झुकतो, तेव्हा जपून.

शब्दक्रमाच्या दोन चुका मला तपासायला येणाऱ्या मजकुरात सतत दिसतात. पहिली सर्वनामाची: ‘वर्क द आन्सर आउट’ आणि ‘वर्क आउट द आन्सर’ ही दोन्ही रूपे चालतात, परंतु नामाऐवजी ‘इट’ आले की ते मधेच बसते, म्हणजे ‘वर्क इट आउट’; ‘वर्क आउट इट’ कधीही नाही. ‘पुट इट टुगेदर’लाही हाच नियम लागू आहे. दुसरी चूक प्रश्नाच्या रचनेची. ‘फिगर आउट हाउ डझ इट वर्क’ असे लिहिणारे पुष्कळ आहेत. पण प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला, की त्याची प्रश्नार्थक रचना संपते आणि ‘फिगर आउट हाउ इट वर्क्स’ एवढेच उरते.

कर्माशिवाय आलेले ‘वर्क आउट’ मात्र वेगळे ओळखावे. ‘शी वर्क्स आउट’ म्हणजे ती व्यायाम करते आणि ‘इट वर्क्ड आउट’ म्हणजे जमून गेले.

दोन्ही गटांच्या सीमेवर ‘पीस टुगेदर’ उभे आहे. फाटलेल्या पत्राचे कपटे जुळवणे हेही ‘पीस टुगेदर’ आणि चार जणांच्या तुटक सांगण्यावरून काय घडले असावे याची संगती लावणे हेही ‘पीस टुगेदर’च. मात्र पुस्तिका हाती धरून, क्रमांक पाहून कपाट जोडले, तर त्याला हे क्रियापद लावू नये; तुकडे विखुरलेले आणि मूळ रूप अज्ञात असेल, तिथेच ते शोभते.