वनशास्त्राचा प्रबंध: फील्डवरच्या या चुका टाळा

बेसल एरिया (छातीच्या उंचीवर झाडांच्या खोडांच्या आडव्या छेदांचं एकूण क्षेत्रफळ) हेक्टरी २५० चौरस मीटर आला, तर लगेच सांख्यिकीच्या सरांकडे धावू नका. आपल्या पानझडी जंगलात तो साधारण १० ते ३० भरतो. दहापटीचा घोळ बहुधा एकाच ठिकाणी असतो: टेपने मोजलेला घेर एक्सेलमध्ये व्यास म्हणून चढलेला असतो. ९४ सेंमी घेराच्या सागाचा व्यास ९४ भागिले ३.१४१६, म्हणजे २९.९ सेंमी, बेसल एरिया ०.०७० चौरस मीटर. ९४ हाच व्यास धरला की तो ०.६९४ होतो. रकान्यावर ‘घेर, सेंमी’ असं पहिल्याच दिवशी लिहून टाका.

घेर १.३७ मीटर उंचीवर घ्या. परदेशी पेपर वाचून काहीजण १.३० धरतात, तेही चालतं, पण एका प्रबंधात दोन्ही नकोत. स्वतःच्या छातीवरून अंदाज नको (मदतीला आलेल्या मित्राची छाती वेगळ्या उंचीवर असते), १.३७ मीटरची काठी कापून घ्या. उतारावर झाडाच्या वरच्या बाजूने मोजा. टेपखाली वेल अडकू देऊ नका. त्या उंचीच्या खालीच फाटा फुटला असेल, तर प्रत्येक खोडाचा घेर वेगळा नोंदवा.

सह्याद्रीत काम असेल तर उतार फार फसवतो. ३० अंशांच्या उतारावर जमिनीलगत २० मीटर टेप ओढला, तरी आडवं अंतर १७.३ मीटरच भरतं. तुमचा २० बाय २०, म्हणजे ४०० चौरस मीटरचा नमुना प्लॉट प्रत्यक्षात ३४६ चा होतो आणि हेक्टरी झाडं १३ टक्के कमी दिसतात. उताराच्या दिशेने २३.१ मीटर घ्या. प्लॉट आखून झाले असतील तर क्षेत्रफळाला उताराच्या कोनाच्या कोसाइनने गुणा. मात्र कोन नोंदवलेला हवा. तो राहिला असेल तर पुन्हा डोंगर चढण्यावाचून इलाज नाही.

व्हायव्हात सर्वांत महागात पडते ती पुनरावृत्तीची (रेप्लिकेशन, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र नमुने) चूक. १० वर्षांची एक सागलागवड, २० वर्षांची एक, दोन्हींत दहा-दहा प्लॉट: इथे पुनरावृत्ती दहा नाही, एकच आहे. फरक वयाचा की त्या जागेच्या मातीचा, हे सांगता येत नाही. प्रत्येक वयाच्या किमान तीन वेगवेगळ्या लागवडी घ्या. जमत नसेल तर शीर्षकातून ‘वयाचा परिणाम’ काढा.

गवतं सप्टेंबर-ऑक्टोबरात तुऱ्यावर असताना ओळखा. मार्चमध्ये नुसती खुंटं उरतात. अभयारण्यात काम असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ऑक्टोबरच्या फील्डसाठी सप्टेंबरात अर्ज करून भागत नाही.

नकाशावर प्लॉट भलतीकडेच पडले तर यूटीएम झोन (नकाशासाठी पाडलेले सहा-सहा रेखांशांचे पट्टे) तपासा. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणजे दापोली-पुण्याकडे, ४३ उत्तर. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीला ४४ उत्तर.