गॅस-विजेचा डायरेक्ट डेबिट लावताय? या चुका टाळा

"दर महिन्याला खात्यातून पैसे जातायत, मग थकबाकी आली कुठून?" ब्रिटनमध्ये नव्याने घर मांडलेल्या मराठी कुटुंबांत मार्च-एप्रिल उजाडला की हा प्रश्न हमखास निघतो. आपल्याकडे रीडिंग घेतलं जातं, बिल येतं, बिलावरचा आकडा भरला की विषय मिटतो. इथे बहुतेक घरांत कंपनी वर्षभराच्या वापराचा अंदाज बांधते, त्याचे बारा भाग करते आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बँकेतून उचलते. बिल मात्र मीटरच्या रीडिंगवरून वेगळं तयार होत असतं. हे दोन आकडे एकमेकांशी जुळतायत का, हे आपणच बघायचं असतं. पुढच्या बहुतेक चुका ते न बघितल्यामुळे होतात.

प्रकार न विचारता फॉर्म भरणं

डायरेक्ट डेबिट, म्हणजे तुमच्या परवानगीने कंपनीने बँक खात्यातून परस्पर पैसे उचलणं, दोन तऱ्हेचा असतो. एकात रक्कम बाराही महिने सारखी. दुसऱ्यात जेवढं बिल तेवढीच रक्कम जाते, त्याला व्हेरिएबल म्हणतात. ऑनलाइन फॉर्म बहुधा पहिल्याच प्रकाराकडे नेतो, आणि दुसरा हवा असेल तर तो कंपनीकडे आहे का हे विचारावं लागतं.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. हिशेबाला सोपे म्हणून दर असे धरू: वीज २६ पेन्स, गॅस ६ पेन्स, दोन्ही किलोवॅट-तासाला आणि दोन्हींचा मिळून स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर असो-नसो लागणारा स्थिर आकार, रोजचा ८८ पेन्स. जुलैत २१० वीज आणि २५० गॅस जळला तर बिल साधारण ९७ पाउंड. जानेवारीत २९० वीज आणि २,००० गॅस जळला तर तेच २२३ पाउंड. ज्यांच्या खात्यात जानेवारीत हा धक्का पेलण्याइतके पैसे असतात आणि जे दर महिन्याला रीडिंग पाठवतात, त्यांनी व्हेरिएबल घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात थकबाकीला लपायला जागाच नसते. नवी नोकरी, भाडं, नर्सरीची फी अशी ओढाताण असेल तर ठराविक रक्कमच बरी, पण मग पुढचा भाग नीट वाचा.

कंपनीने सुचवलेली रक्कम डोळे झाकून मान्य करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नवीन ग्राहकाचा वापर कंपनीला माहीत नसतो. खोल्या किती, माणसं किती, एवढं विचारून ती अंदाज करते. तुमचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी राहायला येणार आहेत, ते दिवसभर घरी असणार आणि हीटिंग सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चालू राहणार, हे त्या फॉर्मला कळत नाही.

एका कुटुंबात घडलेलं असं. ऑक्टोबरात भाड्याच्या घरात आले. चाव्या मिळाल्या त्या दिवशीचं रीडिंग कोणी घेतलं नाही. कंपनीने ९० पाउंड सुचवले, आकडा छोटा म्हणून सगळे खूश. वर्षभर बिलांवर रीडिंगपुढे ‘एस्टिमेटेड’, म्हणजे अंदाजे, असं छापून येत होतं, पण ईमेल उघडून बघितली कोणी? वर्षाने खरं रीडिंग गेलं तेव्हा कळलं की घराचा खरा खर्च महिन्याला १५० पाउंड आहे. म्हणजे ६० गुणिले १२, सातशे वीस पाउंड मागे. कंपनीने ती थकबाकी पुढच्या बारा महिन्यांत वाटली आणि नवा हप्ता सांगितला २१० पाउंड. घरातल्या कर्त्या माणसाने संतापून बँकेच्या ॲपमध्ये जाऊन डायरेक्ट डेबिट रद्द केला. थकबाकी होती तिथेच राहिली, वर डायरेक्ट डेबिटचा स्वस्त दर गेला, आणि बिल आल्यावर भरणाऱ्यांचा जास्तीचा दर लागू झाला. सुरुवातीच्या दिवशी दोन फोटो आणि महिन्याला पाच मिनिटं, एवढ्यानं हे टळलं असतं.

हिशेब स्वतः करा, अवघड नाही. बिलावर वर्षाचा अंदाजे वापर दिलेला असतो. आमच्या वरच्या दरांनी, वीज २,९०० गुणिले २६ पेन्स म्हणजे ७५४ पाउंड. गॅस १२,००० गुणिले ६ पेन्स म्हणजे ७२० पाउंड. स्टँडिंग चार्ज ३६५ दिवसांचा सुमारे ३२१ पाउंड. बेरीज १,७९५, भागिले बारा, साधारण १५०. तुमच्या टॅरिफचे दर घालून हेच करा. मात्र दरात ५ टक्के व्हॅट धरलेला आहे का ते तपासून घ्या, काही कागदांवर तो धरलेला नसतो. कंपनीचा आकडा तुमच्या आकड्यापेक्षा बराच कमी असेल तर आनंद मानू नका. फोन करा आणि हप्ता वाढवून घ्या. बराच जास्त असेल तर तोही कमी करून मागा, आणि हा आकडा कशावरून काढला ते समजावून सांगायला लावा. कंपनीने हप्ता हाताशी असलेल्या उत्तम माहितीवरून ठरवायचा, असा नियम आहे. म्हणून ती माहिती, म्हणजे रीडिंग, तुम्हीच द्या.

‘प्राइस कॅप आहे, मग बिल किती वाढणार?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक ओळ: जानेवारी २०१९ पासून असलेली ऑफजेम या ऊर्जा नियामक संस्थेची ही दरमर्यादा युनिटचा दर आणि स्टँडिंग चार्ज यांवर आहे, तुमच्या एकूण बिलावर नाही.

ऑक्टोबरातलं क्रेडिट बघून पैसे परत मागणं

उन्हाळ्यात हप्ता १५० आणि बिल ९७, म्हणून खात्यात पैसे साठतात. सप्टेंबरअखेर दोन-अडीचशे पाउंड जमा दिसले की लोक ते परत मागतात आणि जानेवारीत रडतात. ते पैसे थंडीचे आहेत. शिल्लक तपासायची ती मार्चच्या शेवटी. तेव्हा आकडा शून्याच्या आसपास हवा. त्या वेळी मोठी रक्कम जमा असेल तर अवश्य परत मागा, आणि कंपनीला ती रोखून धरायची असेल तर तिच्याकडे सबळ कारण असायला हवं. ज्यांनी खातं ऑक्टोबरात सुरू केलं त्यांचं गणित उलटं: मार्चमध्ये थोडं उणे दिसणं साहजिक आहे, त्यावरून घाबरून हप्ता दुप्पट करू देऊ नका.

स्मार्ट मीटर आहे म्हणून निर्धास्त राहणं

मीटर कंपनीला रीडिंग पाठवतोय का, ते बिलावर बघा. ‘एस्टिमेटेड’ दिसलं तर तो पाठवत नाहीये. स्वयंपाकघरातला छोटा पडदा वापर दाखवतो, त्यावरून तुमच्या खात्यातली थकबाकी कळत नाही.

गॅसच्या मीटरवरचं युनिट न वाचणं

इथे आपल्या मंडळींचा खास घोटाळा होतो. महाराष्ट्रातल्या लाइट बिलात एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. तीच सवय घेऊन आपण गॅसच्या मीटरकडे बघतो. पण तो मीटर गॅसचं आकारमान मोजतो. जुना मीटर शंभर घनफुटांत मोजतो: काळ्या पट्टीवर बहुधा चार आकडे आणि बाजूला ‘एफटी’, त्याच्या डोक्यावर छोटा तीन. नवा मीटर घनमीटरमध्ये मोजतो: पाच आकडे, आणि ‘एम’वर छोटा तीन. दशांशानंतरचे, बहुधा लाल चौकटीतले आकडे पाठवायचे नाहीत.

रूपांतर असं होतं. घनफुटांचा मीटर असेल तर आधी २.८३ ने गुणून घनमीटर करायचे. मग १.०२२६४ ने गुणायचं, मग बिलावर छापलेल्या उष्मांक मूल्याने, जे ३९-४० च्या आसपास असतं, आणि शेवटी ३.६ ने भागायचं. उष्मांक मूल्य ३९.५ धरलं तर घनमीटरचा एक आकडा म्हणजे सुमारे ११.२ किलोवॅट-तास, आणि शंभर घनफुटांचा एक आकडा म्हणजे सुमारे ३१.८. जवळजवळ तिप्पट फरक.

आता समजा, घरातला जुना मीटर काढून नवा बसवला, पण कंपनीच्या नोंदीत घनफूटच राहिले. वर्षात मीटर १,०७० घनमीटरने पुढे गेला, म्हणजे खरा वापर १२,००० किलोवॅट-तास, गॅसचे ७२० पाउंड. कंपनी तेच आकडे घनफूट समजते आणि जवळजवळ ३४,००० लावते: दोन हजार पाउंडांच्या वर. हप्ता महिन्याला एकशे दहा पाउंडांनी फुगतो. अशा घरांत आधी दोष दिला जातो बॉयलरला, मग खिडक्यांना, मग मुलांना. लोक थंडीत शाली पांघरून बसतात, रेडिएटर बंद करतात, जाड पडदे विकत आणतात, आणि मीटरचं कपाट उघडून कोणी बघत नाही. उलटा घोटाळाही होतो, घनफुटांचा मीटर घनमीटर म्हणून नोंदला जातो. तेव्हा बिल तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि घरातले म्हणतात, बघा, आम्ही किती काटकसरी. ती चूक सापडली की मागची वसुली होते. एवढंच बरं की कंपनीच्या चुकीमुळे नीट बिल न केलेल्या वापराचे पैसे १२ महिन्यांच्या मागे जाऊन मागता येत नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी हा नियम २०१८ पासून आहे. मात्र तुम्हीच मीटर बघू दिला नसेल तर या नियमाचा आधार मिळत नाही.

तेव्हा टॉर्च घेऊन कपाटापाशी जा. एकाच फोटोत तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: रीडिंग, मापाचं चिन्ह आणि मीटरवरचा अनुक्रमांक. तो अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचा मीटर आपल्या नावावर असण्याचे प्रकार यातच उघडे पडतात. विजेला दिवस-रात्रीचे दोन दर असतील तर दोन्ही रीडिंग कोणत्या दराचं कोणतं हे लिहून ठेवा, उलटसुलट भरली गेली तर रात्रीची स्वस्त वीज दिवसाच्या भावाने पडते.

बँकेच्या गॅरंटीचा भलताच अर्थ लावणं

डायरेक्ट डेबिट गॅरंटी खरी आहे आणि चांगली आहे. न कळवता रक्कम वाढवली, भलत्या तारखेला पैसे उचलले, तर बँकेने पूर्ण परतावा द्यायचा. बदलाची सूचना साधारण दहा कामकाजाचे दिवस आधी यायला हवी. पण ‘माझा वापर एवढा नाहीच’ हा वाद बँकेचा नव्हे, तो कंपनीशी करायचा. हक्क नसताना परतावा घेतलात तर कंपनीने मागितल्यावर तो परत करावा लागतो. तक्रार लेखी करा, फोटो जोडा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा कंपनीने हात वर केले तर एनर्जी ऑम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारकाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

पैसे कापण्याची तारीख पगाराच्या आदल्या दिवशी ठेवू नका. दोन-तीन दिवस नंतरची घ्या.

घर सोडताना बँकेचं खातं आधी बंद करणं

भारतात परत जाणाऱ्यांची ही नेहमीची घाई. सामान जहाजावर, तिकीट शुक्रवारचं, म्हणून गुरुवारी बँकेत जाऊन खातं बंद. शेवटचं बिल यायला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात, आणि तुमचे पैसे उरले असतील तर त्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत परतावा मिळायला हवा. खातं बंद असेल तर तो चेकने तुमच्या जुन्या पत्त्यावर जातो आणि तुम्ही पुण्यात बसून ईमेल लिहीत राहता. खातं किमान तीन महिने चालू ठेवा. निघायच्या दिवशी चाव्या देण्याआधी दोन्ही मीटरचे फोटो काढा, ते स्वतःलाच ईमेल करून ठेवा. कंपनीला घर सोडल्याची तारीख, शेवटचं रीडिंग, भारतातला पत्ता आणि तिथेही चालू राहील असा ईमेल द्या. डायरेक्ट डेबिट मात्र रद्द करू नका. शेवटचं बिल चुकतं होऊन शिल्लक शून्य झालेली बघा, आणि मगच तो काढा.