जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये कसा आणावा

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी संगणकीय पद्धत, रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टंकलेल्या स्मरणिका, दिवाळी अंक आणि इतिवृत्ते आज अनेक संस्थांच्या कपाटांत सीडींवर पडून आहेत. फाइल शाबूत असते, पुष्कळदा ती उघडतेही. मात्र पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खच दिसतो.

याचे कारण असे, की या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये टंकलेल्या ‘मराठी’ या शब्दाचा फॉन्ट काढून घेतला, तर मागे ‘ई, जे, के, बी, एच’ ही पाच अक्षरे उरतात. म्हणजे फाइलमध्ये मराठी कधी साठवलेली नव्हतीच, ती फॉन्टमध्ये होती. म्हणून सर्वप्रथम त्या जुन्या संगणकावरील फॉन्टच्या फाइलींची प्रत घ्यावी आणि मूळ दस्तऐवजाशेजारीच ठेवावी.

ज्या संगणकावर मजकूर अजून नीट दिसतो तो भंगारात जाण्यापूर्वी प्रत्येक फाइलची पीडीएफ करावी. फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडावा. दीर्घकालीन जतनासाठी 2005 साली प्रमाणित झालेल्या पीडीएफ-ए प्रकारात तो बंधनकारकच आहे. ही पीडीएफ दिसायला अचूक असली, तरी तिच्यातून मजकूर शोधता येत नाही आणि नकलून घेतल्यास तोच इंग्रजी खच हाती येतो. ती केवळ ताडून पाहण्यासाठी आहे, पण तिच्याशिवाय पुढचे मुद्रितशोधन आंधळे ठरते. फाइल पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या जुन्या प्रोग्रॅममधली असेल, तर त्याची 2001 साली जाहीर झालेली 7.0 ही आवृत्ती शेवटची होती. तो प्रोग्रॅम उपलब्ध नसल्यास लिबरऑफिस या मोफत प्रोग्रॅमसंचातील ड्रॉमध्ये फाइल उघडून पाहावी. मांडणी विस्कटते, परंतु मजकूर बहुधा हाती लागतो.

त्यानंतर परिवर्तकाने, म्हणजे जुन्या फॉन्टमधील अक्षरांचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, मजकूर युनिकोडमध्ये आणावा. त्यासाठी फॉन्टचे नेमके नाव पाहावे, कारण एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. मध्येच आलेले इंग्रजी शब्द आधी खूण करून बाजूला काढावेत. नाहीतर परिवर्तक त्यांचेही निमूटपणे ‘मराठी’ करून टाकतो, आणि ही चूक फार उशिरा लक्षात येते.

खरे कष्ट आहेत ते तपासणीत. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात: ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते, तर ‘सूर्य’मधला रफार ‘य’नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. त्यामुळे परिवर्तक चुकतो तो बहुतेक इथेच, विशेषतः ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरावर वेलांटी असताना. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र हिंदीसाठी लिहिलेल्या परिवर्तकांना अनेकदा ठाऊकच नसतो, म्हणून असे शब्द मुद्दाम शोधून पाहावेत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले. त्याआधीच्या पद्धतीने ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच वाटतात, पण एक रूप शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. तेव्हा सर्वत्र ‘ॲ’ हे एकच रूप करून घ्यावे.

शुद्ध झालेला मजकूर यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीतील साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, आणि ठळक अक्षरे, तक्ते, तळटीपा असतील तर ओडीटी या मांडणीही जपणाऱ्या फाइलप्रकारातही जपावा. मूळ फाइल, फॉन्ट, पीडीएफ आणि नवा मजकूर एकाच फोल्डरमध्ये ठेवून मूळ फॉन्टचे नाव, वापरलेला परिवर्तक, तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख यांची चार ओळींची नोंद सोबत जोडावी. या फोल्डरच्या तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी. मूळ फाइल मात्र काम संपल्यावरही पुसू नये. उद्या अधिक चांगला परिवर्तक मिळाल्यास पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागेल.