डेलिकसीला मराठीत नक्की काय म्हणायचं?

मध्यंतरी एका कुकिंग शोची सबटायटल्स तपासत होते. त्यात फ्रान्समधली एक बाई म्हणते की आमच्याकडे ही डेलिकसी आहे, आणि खाली मराठीत लिहिलेलं, 'आमच्याकडे हा नाजूकपणा आहे'. समोर ताटात गोगलगायी! हसून हसून पुरेवाट झाली, पण लिहिणाऱ्याला तरी काय बोलणार, डिक्शनरीत बघितलं की नाजूकपणाच आधी सापडतो.

तर मी काय करते ते सांगते. आधी बघायचं की शब्द मोजता येतोय का. 'अ डेलिकसी' किंवा 'डेलिकसीज' असं असेल तर बहुतेक वेळा ते खाणंच असतं. तिथे 'खासियत' किंवा 'खास पदार्थ' लिहा, पण 'पक्वान्न' नको, कारण पक्वान्न म्हटलं की आपल्याला श्रीखंड-पुरणपोळी दिसते आणि कॅविअर म्हणजे तर स्टर्जन माशाची खारवलेली अंडी. अर्थ डोक्यात बसवायचा असेल तर कोकणातली शेवळं ही रानभाजी आठवा, पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस मिळतात, साफ करायचा व्याप, काकडं वगैरे आंबट काही न घालता केली तर घसा खाजतो, आणि तरी लोक वर्षभर वाट बघतात. ही डेलिकसी.

मोजता येत नसेल तर मात्र खरा प्रश्न विचारायचा, की नाजूक कोण आहे, वस्तू की ती हाताळणारा?

वस्तू असेल तर सोपं आहे. फूल, काच, पापणी नाजूक, कापड तलम, पालवी कोवळी. वॉशिंग मशीनवर 'डेलिकेट्स' लिहिलेलं असतं ते तलम कपड्यांसाठीच. परिस्थितीलाही नाजूक चालतं, 'प्रकरण नाजूक आहे' हे आपण बोलतोच की. तब्येतीला मात्र मी 'तोळामासा' वापरते, सोनाराच्या काट्यावरचा शब्द आहे, १२ मासे म्हणजे १ तोळा, एवढ्याशा फरकाने पारडं हलणार अशी तब्येत. आणि जुन्या इंग्रजीत एखादी बाई 'डेलिकेट कंडिशन'मध्ये असली तर दवाखान्यात पळू नका, तिला दिवस गेलेले असतात.

नाजूक हाताळणारा असेल तर 'नाजूकपणा' पार फसतो. चित्रकाराच्या ब्रशमधली डेलिकसी ती नजाकत, जखमेवर पट्टी बांधणाऱ्या नर्सच्या हातातली म्हणजे हळुवारपणा. बोलण्यातली असेल तर मी नामच टाकून देते आणि वाक्य फिरवते. म्हणजे कोणी पैशांचा विषय मोठ्या डेलिकसीने काढला असेल तर 'समोरच्याला लागणार नाही अशा बेताने विषय काढला' असं लिहायचं. इथे 'नाजूकपणे विषय काढला' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल माणूस लाजतोय.

सगळ्यात अवघड आवडीनिवडीतली डेलिकसी. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या एका निबंधात 'डॉन किहोते' या जुन्या स्पॅनिश कादंबरीतला किस्सा घेतलाय, दोघं जण पिंपातली वाईन चाखतात, एक म्हणतो छान आहे पण चामड्याची चव लागतेय, दुसरा म्हणतो लोखंडाची, सगळे त्यांना हसतात, आणि पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामडी वादी बांधलेली किल्ली निघते! ह्यूमच्या लेखी ही डेलिकसी, बारीकसा फरकही जिभेला कळणं. मराठीत 'चोखंदळ' जवळचा आहे, पण त्यात थोडा नखरा येतो, म्हणून मी 'जाणकार जीभ' म्हणते. कुणाला याहून बरा शब्द सुचला तर मी घेईन.

आणि हो, उच्चार डेलिकसी, डेलिकेसी नाही. ते सबटायटल शेवटी 'ही आमच्याकडची खासियत' असं गेलं, गोगलगायी तशाच राहिल्या.