ग्रीक ओळख समजून घ्यायचीय? अथेन्सबाहेरून सुरुवात करा

आधी नकाशा उघडा आणि ओडेसा, पॅरिस, स्मिर्ना म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर, एवढ्या खुणा करा, अथेन्स नंतर बघू. मग १८१४ वर या, ओडेसात तीन ग्रीक व्यापाऱ्यांनी फिलिकी एतेरिया ही गुप्त संघटना काढली आणि ऑटोमन तुर्की राजवटीविरुद्धच्या १८२१ च्या ग्रीक उठावाची तयारी तिने केली, म्हणजे देश व्हायच्या आधीच त्याचं स्वप्न परदेशात वाढत होतं, मला हे फार भारी वाटतं! पॅरिसमध्ये राहणाऱ्या कोराइस या ग्रीक विद्वानाचं ग्रीक भाषेवरचं काम बघाच.

मग १९२३ चा ग्रीस आणि तुर्कस्तानमधला लोझानचा लोकसंख्या अदलाबदलीचा करार नीट वाचा. कोण ग्रीक, कोण तुर्क हे धर्मावरून ठरलं, भाषेवरून नाही, त्यामुळे तुर्की बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनसुद्धा ग्रीसला पाठवले गेले. मेलबर्न, न्यूयॉर्कचं अस्टोरिया अशा परदेशातल्या ग्रीक वस्त्या त्यानंतर घ्या.