एकच लेआउट लहान-मोठ्या सगळ्या फोनवर नीट कसा बसवायचा

आपल्या फोनवर ॲप एकदम झकास दिसतं, मग तेच कोणा दुसऱ्याच्या हातात गेलं की बटण अर्धं कापलेलं, नाव "संतो…" वर संपलेलं आणि खालची पट्टी फोनच्या जेश्चर लाइनखाली गेलेली. हे बहुतेक सगळ्यांचं होतं. आणि मग आपण काय करतो, तर त्या एका फोनसाठी मार्जिन कमी करतो, की तिसऱ्या फोनवर काहीतरी वेगळंच फुटतं. हा खेळ संपत नाही. म्हणून आधी एक गोष्ट पक्की करा, लेआउट म्हणजे स्क्रीनवरची मांडणी फोनसाठी करायची नाही, जेवढी रुंदी मिळेल तेवढ्या रुंदीसाठी करायची.

सुरुवात पिक्सेल विसरण्यापासून. अँड्रॉइडमध्ये माप डीपीत (डेन्सिटीवर न अवलंबणाऱ्या पिक्सेलमध्ये) मोजायचं. डेन्सिटी म्हणजे एका इंचात किती पिक्सेल, ती डीपीआयमध्ये सांगतात. १६० डीपीआयच्या स्क्रीनवर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, बाकी ठिकाणी पिक्सेल गुणिले १६० भागिले डेन्सिटी. आता हे करून बघा, ७२० पिक्सेल रुंद फोन ३२० डेन्सिटीचा असेल तर रुंदी ३६० डीपी, आणि १०८० पिक्सेल रुंद फोन ४८० डेन्सिटीचा असेल तरी ३६० डीपीच! म्हणजे रिझोल्यूशन दीडपट, पण लेआउटला जागा तेवढीच. उलट तोच १०८० वाला फोन ४२० डेन्सिटीचा असला तर ४११ डीपी मिळतात. त्यामुळे "फुल एचडी फोनसाठी वेगळं डिझाइन" वगैरे प्रकार डोक्यातून काढून टाका. आयफोनवर हेच पॉइंटमध्ये चालतं, पहिल्या आयफोन एसईला ३२० पॉइंट, १५ प्रो मॅक्सला ४३०.

आणखी एक, युजर सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्ले साइज वाढवतो तेव्हा फोन तोच राहतो पण डीपी कमी होतात. म्हणजे ३२० डीपीची स्क्रीन फक्त जुन्या फोनवर येते असं समजू नका, नव्याकोऱ्या फोनवरही येते.

आता खरं काम एका ओळीवर दाखवतो, कारण बहुतेक ॲपमध्ये ही ओळ असतेच, डावीकडे फोटो, मध्ये नाव, उजवीकडे बटण. दोन्ही बाजूला १६ ची मार्जिन, फोटो ७२, बटण ९६, मधल्या दोन जागा १२-१२. ३६० च्या फोनवर नावाला उरतात १३६ डीपी. ३२० वर उरतात फक्त ९६. आणि आपण डिझाइन करताना नावाला "१५० डीपी" असं ठोकून दिलेलं असतं, म्हणून बटण बाहेर ढकललं जातं. उपाय असा की फोटो आणि बटण यांचं माप ठरलेलं ठेवा आणि नावाला "उरलेलं सगळं तुझं" असं सांगा. स्क्रीन बनवायची जी साधनं आहेत त्यांपैकी कंपोजमध्ये त्यासाठी वेट, फ्लटरमध्ये एक्सपांडेड, कन्स्ट्रेंट लेआउटमध्ये रुंदी शून्य डीपी ठेवून दोन्ही बाजू बांधायच्या. नावाला दोन ओळी द्या. आणि तरीही जागा फारच कमी उरत असेल तर बटण नावाच्या खाली उतरवा, ओढूनताणून एकाच ओळीत बसवण्यात काही अर्थ नाही.

बटणाची रुंदी मी वर ९६ लिहिली ती पण खरं म्हणजे किमान रुंदी हवी, कारण अक्षरं मोठी केली की बटणातला मजकूरही वाढतो. मजकुराचं माप एसपीत (डीपीसारखंच, पण फॉन्ट सेटिंगप्रमाणे वाढणारं माप) द्यायचं, म्हणजे युजरच्या फॉन्ट सेटिंगचा मान राखला जातो, आणि अँड्रॉइड १४ पासून तो फॉन्ट २०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. काही जण कटकट नको म्हणून मजकूर पण डीपीत देतात, कृपा करून असं करू नका, ज्याला बारीक दिसत नाही त्याने मुद्दाम ती सेटिंग केलेली असते.

उंची तर कुठेच ठोकून द्यायची नाही, निदान ज्यात मजकूर आहे तिथे तरी. देवनागरीत हे पटकन कळतं, इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या ३६ डीपी उंचीच्या बटणात "पूर्ण करा" लिहिलं आणि फॉन्ट थोडा मोठा केला की वरचा रफार आणि खालचा ऊकार दोन्ही कापले जातात. किमान उंची द्या, वर-खाली पॅडिंग द्या, बाकी त्याला वाढू द्या. टॅप करायची जागा मात्र अँड्रॉइडवर ४८ डीपीपेक्षा आणि आयफोनवर ४४ पॉइंटपेक्षा लहान नको, स्क्रीन कितीही छोटी असो.

एक शॉर्टकट खूप फिरतो, स्क्रीनची रुंदी भागिले ३६० करायचं आणि येईल त्या आकड्याने सगळंच गुणायचं. फोनवर बरं वाटतं, पण ८०० डीपीच्या टॅबलेटवर १६ चा मजकूर ३५ च्या वर जातो आणि बटणं पाटीएवढी होतात. मोठी स्क्रीन घेणाऱ्याला मोठी अक्षरं नको असतात, त्याला जास्त मजकूर बघायचा असतो. म्हणून ६०० डीपीच्या खाली एक कॉलम, ६०० पासून पुढे दोन कॉलम किंवा यादी आणि तपशील शेजारी-शेजारी, ८४० च्या पुढे आणखी मोकळं. गूगलच्या विंडो साइज क्लासचे, म्हणजे रुंदीप्रमाणे केलेल्या गटांचे, आकडे हेच आहेत. पण हे खिडकीच्या रुंदीवर ठरवा, "हा टॅबलेट आहे का" असं विचारून नाही, कारण स्प्लिट स्क्रीनमध्ये टॅबलेटवरही तुम्हाला फोनएवढीच जागा मिळते आणि फोल्ड होणारा फोन तर मध्येच उघडतो.

कडांचं पण बघा. नॉच (स्क्रीनच्या वरच्या कडेची खाच), कॅमेऱ्याचं भोक, गोल कोपरे, खालची जेश्चर लाइन. आयफोन एक्सपासून सेफ एरिया, म्हणजे काही झाकलं न जाणारी जागा, आलाच आहे, आणि अँड्रॉइड १५ वर ॲपचं टार्गेट एसडीके (ॲप कोणत्या अँड्रॉइडसाठी बनवलंय तो आकडा) ३५ ठेवलं की ॲप आपोआप कडेपासून कडेपर्यंत पसरतं. रंग कडेपर्यंत जाऊ द्या, मजकूर आणि बटणं इनसेट (कडेला किती जागा सोडायची ते सिस्टीम सांगते तो आकडा) घेऊन आत ठेवा. वरती २४ डीपी हाताने सोडणारे खूप कोड पाहिलेत, स्टेटस बार, म्हणजे वरची वेळ-बॅटरीची पट्टी, सगळीकडे २४ चा नसतो हो.

कीबोर्डवर मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय. लॉगिनचा स्क्रीन उंच फोनवर छान होता, छोट्या फोनवर कीबोर्ड उघडला की "पुढे" बटण त्याच्या मागे आणि स्क्रीन स्क्रोलच होत नव्हता, लोक तिथेच अडकले आणि आम्हाला दोन दिवस कळलंच नाही. तेव्हापासून ज्या स्क्रीनवर टाइप करायचंय तो स्क्रोल होतो की नाही हे मी आधी बघतो, फोन आडवा धरून पण, कारण आडव्यात उंचीच जेमतेम ३६० डीपी उरते.

फोटोंना उंची देण्यापेक्षा गुणोत्तर द्या, १६ः९ वगैरे. आयकॉन व्हेक्टर (कितीही मोठे केले तरी न फाटणारे) ठेवा, झालं.

टेस्टिंगसाठी दहा फोन लागत नाहीत. १०८० पिक्सेल रुंद फोन किंवा एम्युलेटर (कॉम्प्युटरवर चालणारा खोटा फोन) जोडा आणि एडीबी शेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायच्या साधनात, डब्ल्यूएम डेन्सिटी ५४० द्या, तोच फोन ३२० डीपीचा होतो, २८८ दिली की ६०० डीपीचा. दोन्हीकडे फॉन्ट सगळ्यात मोठा करून प्रत्येक स्क्रीन उघडा, सगळ्यात लांब नाव टाकून बघा, रिकामी यादी पण बघा. काम झालं की डब्ल्यूएम डेन्सिटी रीसेट द्यायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन असा का दिसतोय म्हणून शोधत बसाल.